आधी होडीत पाणी भरा

मी एक जुनी ॲल्युमिनियमची होडी आहे. लांबीला चौदा फूट, आणि रुंदीला इतकी की दोन जाडी माणसं शेजारी बसली तरी त्यांचं भांडण होऊ नये. मित्रांनो, आपली कहाणी अशी गोड आवाजात सांगायची असते, हे मला ठाऊक आहे. फुटकी घागर सांगते, फाटकं पुस्तक सांगतं, सगळे डोळे पुसत पुसत सांगतात. मला ते जमणार नाही. मी रागावलेली आहे. का रागावले ते ऐकल्यावर तुम्हीही थोडे रागावलात तर माझ्या मनाला बरं वाटेल.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. पत्रा कापला, वाकवला आणि रिव्हेट मारून जोडला. रिव्हेट म्हणजे जाड डोक्याची लहानशी खिळी. एक कामगार बाहेरून तिच्या डोक्याला जड लोखंड टेकवून धरायचा आणि दुसरा आतून हातोडीने तिचं शेपूट ठोकून चपटं करायचा. अशा हजारावर खिळ्या माझ्या अंगात आहेत. त्या घट्ट असल्या तर मी होडी, सैल झाल्या तर मी चाळण. एवढी साधी गोष्ट आहे, पण ती समजून घ्यायला माणसांना वीस वर्षं लागली.

मला विकत घेतलं ते एका निवृत्त बँक मॅनेजरने. सगळे त्याला साहेब म्हणत. दुकानदार त्याला म्हणाला होता, "ही गंजत नाही साहेब, सडत नाही, हिचं काही करावं लागत नाही." कौतुकाचं हे एक वाक्य माझ्या मुळावर आलं. पहिली चार वर्षं साहेब मला दर रविवारी तळ्यात नेई, गळ टाकून बसे, मासा लागला नाही तरी खुशीत घरी येई. ते दिवस चांगले होते, खोटं कशाला बोलू. पाचव्या वर्षी त्याचे गुडघे दुखू लागले आणि त्याने मला परसात झाडाखाली उताणी टाकली. पालथी नाही, उताणी. गंजत नाही ना, मग कशाला काळजी? पानं पडली, पाऊस पडला, पानं कुजली, त्यावर पुन्हा पाऊस. माझ्या बाकांखाली फोम भरलेला असतो, बुडताना होडीला तरंगत ठेवायला. तो फोम सगळं पाणी पिऊन बसला. एका कुत्रीने माझ्यात पिल्लं घातली, त्याचं मला काही वाटलं नाही. उलट तेवढे दोन महिने सोबत झाली. पण पुढे साहेबाच्या जावयाने घराचं बांधकाम काढलं आणि माझ्यात सिमेंट कालवलं. फावड्याने. मित्रांनो, मला पाय नाहीत, नाहीतर तळपायाची आग मस्तकात गेली असती.

शेवटी मला एका दलालाने नेलं. जुन्या होड्या, जुन्या मोटारी, जुने पंप, जे मिळेल ते विकणारा माणूस. त्याने मला धुतलं, सिमेंटचे पोपडे छिनीने काढले आणि रुपेरी रंगाचा एक हात फिरवला. मागे पाटी लावली, ‘एकाच मालकाने जपून वापरलेली’. जपून हा शब्द वाचून शेजारचा पंपसुद्धा गालात हसला असेल.

तिथेच बेबी आली. बेबी हे तिचं घरातलं नाव; वय चाळिशीच्या जवळ, पण लहानपणी पडलेलं नाव कुठे जातं. मोटारींच्या सीटची कव्हरं शिवायची हा तिचा व्यवसाय. तिच्याबरोबर तिचा थोरला भाऊ होता, त्याला सगळेच दादा म्हणत. दादा मोटारींच्या बॉडीचं काम करी. ठोकर लागलेली गाडी त्याच्याकडे आली की पोचा कुठे होता हे मालकालासुद्धा सापडत नसे. हात सोन्याचा, फक्त जिभेवर एकच वाक्य असे, "एकदम नवी करून देतो."

बेबीला होडी हौसेसाठी नको होती. तिच्या वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा, सकाळी सातच्या ठोक्याला, त्यांना डायलिसिसच्या खुर्चीत बसावं लागे. मशीन त्यांचं रक्त साफ करून परत देई, तेव्हा कुठे पुढचे दोन दिवस निघत. दवाखाना तळ्याच्या या काठावर, दादाचं गॅरेजही याच काठावर, आणि बेबी व आप्पा राहत त्या काठावर. पूर्वी लाँच होती, ती बंद पडली. रस्त्याने तळ्याला वळसा घालायचा तर अडीच तास. बसमध्ये आप्पांना उलट्या होत. दोनदा पोचायला उशीर झाला, खुर्ची दुसऱ्या रुग्णाला दिली गेली, आणि आप्पा अंगात साठलेलं पाणी घेऊन तसेच परत गेले. पाण्यातून सरळ आलं तर वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांवर एका माणसाचं जगणं अवलंबून होतं, आणि ती वीस मिनिटं मी द्यायची होती.

दादाने मला मोटारीसारखी चारी बाजूंनी टकटक करून पाहिली आणि पसंतीची मान हलवली. बेबीने मात्र बाकाखाली हात घातला आणि फोम चिमटीत दाबला. तिच्या मनगटावरून पाणी ओघळलं. ती दलालाकडे नुसती बघत राहिली. दलालाने आधी कालच्या पावसाला दोष दिला, मग आपल्या माणसांना, आणि शेवटी किंमत निम्म्यावर आणली. बाकी कोणाला नसेल, पण मला त्या क्षणी वाटलं, चला, हात घालून बघणारं कोणीतरी भेटलं.

गॅरेजच्या मागच्या अंगणात माझी दुरुस्ती सुरू झाली. बेबीने बाकं उघडली, कुजका फोम काढला, पाणी न पिणारा नवा फोम मापात कापून भरला. होडी ढकलणारं इंजिन, म्हणजे मोटार, बसते ती मागची फळी सडली होती, ती बदलून घेतली. मग ती दादाला म्हणाली की रुपेरी रंगाखाली खिळ्यांच्या ओळीला काळे ओघळ दिसतायत, पाणी कुठून येतं ते आधी बघू या. दादाने तिचं म्हणणं कानामागे टाकलं.

"तू सीटचं बघ," तो म्हणाला. "पत्र्याचं मला शिकवू नकोस."

आणि तो आपल्या सवयीने कामाला लागला. मोटारीच्या पोच्यात भरतात ती पुट्टी त्याने माझ्या एकेका खिळीवर लिंपली. पॉलिशपेपरने घासून तळ असा गुळगुळीत केला की खिळ्या होत्या की नव्हत्या कळू नये. वर निळा रंग, दोन पांढऱ्या रेघा आणि चकचकीत लॅकर. पण मोटारीचा दरवाजा आणि माझा तळ यांत फरक आहे हो. दरवाजा एकदा ताठ राहिला की राहिला. माझा तळ लाटेवर आत-बाहेर होतो, झोपलेल्या माणसाच्या पोटासारखा. असल्या हलत्या पोटावर पुट्टी किती टिकणार? मी ओरडून सांगितलं असतं, पण मला तोंड नाही. आणि खरं सांगायचं तर रस्त्याने जाणारे थांबून माझ्याकडे बघू लागले, तेव्हा मीही जरा फुगले होते. या एका गोष्टीसाठी मी स्वतःवरही रागावलेली आहे.

पहिल्या दोन फेऱ्या सुरळीत झाल्या. पाणी आरशासारखं स्थिर होतं. दादा धक्क्यावर उभा राहून मला न्याहाळी, आणि आप्पांना हात देऊन उतरवताना म्हणे, "चेहरा भरलाय की आप्पा. तब्येत सुधारली." आप्पांचा चेहरा भरला नव्हता, सुजला होता. बेबीला ते कळत होतं. आप्पा मात्र काही बोलत नसत, नुसते हसल्यासारखं करत.

तिसऱ्या फेरीला वारा सुटला. तळ्याच्या मध्यावर लाटा माझ्या तळावर आपटू लागल्या आणि पहिली पुट्टी तडकली. मग दुसरी. बेबीने खाली पाहिलं तर आप्पांच्या चपला तरंगत होत्या. तिने एका हाताने मोटारीचा दांडा धरला, दुसऱ्या हाताने ती डबा घेऊन पाणी उपसायला लागली. आप्पा टोपीने पाणी बाहेर टाकत होते. मी बुडाले नाही, ते तिने भरलेल्या फोममुळे. पण वीस मिनिटांच्या जागी सव्वा तास लागला. दोघं नखशिखांत भिजून दवाखान्यात पोचली तेव्हा खुर्चीवर दुसरं कोणी झोपलं होतं. उद्या सकाळी या, असं सांगण्यात आलं. रात्र त्यांनी दादाकडे काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांना चालत नेता आलं नाही, उचलून न्यावं लागलं. त्यांच्या फुप्फुसांत पाणी भरलं होतं.

चार दिवस ते दवाखान्यात होते. आणि त्या चार दिवसांत सगळं खापर कोणावर फुटलं असेल? माझ्यावर. दादाने मला अंगणात ओढून आणलं आणि लाथ मारली. दलालाला कोणी काही बोललं नाही. पुट्टीला कोणी काही बोललं नाही. साहेबाचा जावई तर आपल्या नव्या घरात मजेत असेल. मी मात्र डबा, खटारा, आप्पांच्या जिवावर उठलेली. पाचव्या दिवशी दादाने भंगारवाल्याला बोलावलं. तो काटा घेऊन आला, माझं एक टोक उचलून पाहिलं आणि म्हणाला की तुकडे करूनच न्यावी लागेल.

आप्पांना त्याच सकाळी दवाखान्यातून सोडलं होतं. ते दादाच्या दारात खुर्चीवर बसले होते, अंगावर शाल, हाताला पट्टी. इथे मला एक सांगायचं आहे, जे आतापर्यंत या अंगणात कोणालाही आठवलं नव्हतं. आप्पांनी उभं आयुष्य भांडी सांधण्यात घालवलं होतं. गळकी पातेली, तळ गेलेल्या किटल्या, कान तुटलेल्या कढया. त्या कामावर त्यांनी दोन्ही मुलं वाढवली. दादाला हातोडी धरायला त्यांनीच शिकवलं. पण दादाने मोटारींचं गॅरेज टाकल्यापासून वडिलांचं काम त्याला किरकोळ वाटू लागलं होतं, आणि माझ्या दुरुस्तीत त्यांना कोणी एक शब्द विचारला नव्हता.

आप्पांनी भंगारवाल्याला थांबायला सांगितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "आधी हिच्यात पाणी भरा."

भंगारवाला हसला. कुंपणापाशी उभे असलेले दोन शेजारी हसले. दादाने कपाळाला हात लावला. "आप्पा, पाणी आत आलं म्हणून तर हे सगळं झालं. होडीत पाणी भरतात का कोणी?"

"पातेलं गळतं तेव्हा आपण काय करायचो?" आप्पा म्हणाले. "नदीत बुडवून बघायचो का? पाणी आत घाल. जिथून बाहेर टपकेल तिथून आत येतं. चार बोटंच भर, जास्त नको. पत्र्यावर भार येईल."

मित्रांनो, वीस वर्षांत माझ्याबद्दल बोललं गेलेलं हे पहिलं शहाणं वाक्य.

बेबी नळी घेऊन आली. मला जुन्या टायरांवर ठेवलं आणि आत पाणी सोडलं. आप्पांना दिवसाकाठी जेमतेम चार कप पाणी पिण्याची परवानगी होती. ते नळीच्या धारेकडे बघत होते, आणि बेबीने ते पाहून मान दुसरीकडे वळवली. थोड्या वेळाने माझ्या तळाखाली पहिला थेंब जमला. मग शेजारी दुसरा. दादाच्या चकचकीत निळ्या रंगाला बारीक फुगे आले आणि त्यांतून पाणी झिरपू लागलं. बेबी पाठीवर झोपून माझ्याखाली सरकली आणि कव्हरं कापायच्या खडूने एकेका थेंबाभोवती गोल काढत गेली. तेवीस गोल झाले. भंगारवाल्याने काटा गुंडाळला, पण तो गेला नाही. त्यालाही आता बघायचं होतं.

दादा गुडघ्यांवर बसून ते तेवीस गोल पाहत राहिला. त्याला चारचौघांत तोंडात मारल्यासारखं झालं असणार. मला त्या वेळी त्याची दया आली पाहिजे होती, पण आली नाही. मला माझ्या कुशीतली लाथ आठवत होती.

"रंग सगळा काढावा लागेल," आप्पा म्हणाले.

दादाने स्वतःच्या हाताने तो काढला. दोन दिवस तो खरवडत होता. तीन रविवार खपून लावलेला रंग, लॅकर, पांढऱ्या रेघा, सगळं निळ्या भुशासारखं जमिनीवर पडलं. मधल्या दिवशी बेबी आप्पांना दवाखान्यात नेऊन आणत होती, आणि आल्या आल्या आप्पा पुन्हा खुर्चीत. मग खिळ्यांचं काम निघालं. बेबीने बाहेरून प्रत्येक खिळीच्या डोक्याला जड घण टेकवून धरला, दादाने आत बसून हातोडी मारली. आप्पा घाव मोजत नव्हते, ते डोळे मिटून ऐकत होते. सैल खिळी दबका आवाज करते, घट्ट झाली की खणखणीत वाजते.

"अजून एक. आता थांब. पुढची," एवढंच ते म्हणत.

एकदा दादाने त्यांचं न ऐकता जादा घाव घातला, तर पत्र्याला बारीक चीर गेली. आप्पा ओरडले नाहीत. त्यांनी ती खिळी काढून जाड नवी घालायला लावली आणि भोवती फट बुजवणारं चिकट लुकण भरायला सांगितलं. पाच खिळ्या पार झिजल्या होत्या, त्याही बदलल्या. शेवटी पुन्हा पाणी भरलं, तेव्हा ते शेजारी आणि तो भंगारवालाही बघायला हजर होते. सगळे वाकून माझ्याखाली बघत बसले. एक थेंब नाही. शेजारी हळूच घरी गेले. भंगारवाल्याने मात्र दादाला विचारलं की या वडिलांना आमच्याकडच्या दोन टाक्या दाखवता येतील का.

नंतरच्या खेपेला दादा आदल्या संध्याकाळीच आमच्याबरोबर पलीकडच्या काठावर आला. सकाळी तोही होडीत बसला. धक्क्यावर उभं राहून बघणं वेगळं आणि मध्ये बसणं वेगळं. वारा होता, लाटाही होत्या. तळ्याच्या मध्यावर तो वाकला आणि माझ्या तळावरून हात फिरवला. हात कोरडा होता. त्याने तो हात तसाच गुडघ्यावर ठेवला, आणि समोर बसलेल्या वडिलांकडे असं पाहिलं, जसं त्याने त्यांना कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"आप्पा," तो म्हणाला, "तुम्हाला नेमकं काय काय होतं?"

आप्पा आधी चकित झाले. मग म्हणाले, "पायात गोळे येतात. जेवण धातूसारखं लागतं. आणि ती सुई असते ना, तिची मला अजून भीती वाटते. दर वेळी वाटते."

"कधी बोलला नाहीत."

"तू म्हणायचास तब्येत सुधारली. मग काय बोलणार?"

बेबीने मोटारीचा वेग थोडा कमी केला, हे फक्त मला कळलं. आप्पा बोलतच राहिले. तहान कशी लागते ते सांगितलं, घरी परतताना कसा अंधार येतो डोळ्यांपुढे ते सांगितलं. आम्ही पोचलो तेव्हा सातला दहा मिनिटं होती. दादाने वडिलांचा हात धरून त्यांना उतरवलं, आणि या खेपेला त्यांच्या तब्येतीबद्दल एक शब्दही काढला नाही. तो त्यांच्याबरोबर चालत आत गेला आणि सुई टोचेपर्यंत त्यांच्या शेजारी उभा राहिला, असं मला परतीच्या वाटेवर बेबीच्या बोलण्यातून कळलं.

आता माझ्या अंगाला रंग नाही. बिनरंगाच्या पत्र्याला खरवडल्याचे ओरखडे आहेत, सहा खिळ्या बाकीच्यांपेक्षा मोठ्या आहेत, दिसायला मी काही खास नाही. राग अजून गेलेला नाही आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. गंजत नाही म्हणून वस्तू पावसात टाकणाऱ्यांवर मी रागावणार, आणि गळतं तिथे चकाकी फासणाऱ्यांवर त्याहून जास्त. मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखी एखादी असेल तर काम झाल्यावर तिच्यातलं पाणी काढा, तिला पालथी ठेवा, वर्षातून एकदा तिच्या खिळ्या वाजवून बघा. एवढं पुरतं.

आणि घरात कोणी गप्प गप्प बसत असेल, तर छान दिसताय म्हणून मोकळे होऊ नका. जवळ बसा आणि कुठे दुखतंय ते विचारा. मात्र हाताशी वेळ ठेवून विचारा. आमचं तळं चांगलं रुंद आहे, तरी त्या सकाळी आप्पांचं सांगून व्हायला ते पुरलं नाही.